ज्याची पाळी नाही, त्याच्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात पाच माणसं. सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. परीक्षणं वाचून 'कॅटान' हा पटावरचा खेळ आणला, दिवाळीत एकदाच मांडला, दोन तासांनी सगळे वैतागून उठले आणि डबा कपाटावर गेला. आता मेच्या सुट्टीसाठी काय आणावं? मुलीला व्हिडिओ गेम द्यायचाच झाला, तर सगळ्यांनी मिळून बघावा असा जरा हटके कुठला? आणि या परीक्षणांवर विश्वास ठेवायचा की नाही?

मी बरीच वर्षं दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळांची बैठक भरवते, येणाऱ्यांना खेळ शिकवते आणि त्यावर लहानमोठी परीक्षणंही लिहिते. म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नातल्या आरोपींपैकी मी एक. तेव्हा आधी कॅटानचंच बोलू, कारण तो डबा विकून टाकायची गरज नाही.

डब्यावर खेळाडूंची संख्या तीन ते चार अशी छापलेली आहे. पाचव्या-सहाव्यासाठी वेगळी पुरवणी विकत घ्यावी लागते. तुम्ही पाच जण बसलात म्हणजे बहुधा दोघांनी मिळून एक रंग घेतला, आणि त्या दोघांतलं एक माणूस दोन तास नुसतं बसून राहिलं. दुसरं असं की, कॅटानमध्ये नशिबाचा मोठा हिस्सा पहिली घरं मांडतानाच ठरतो. नकाशातल्या जागांवर आकडे असतात, फाशांची बेरीज तेवढी आली की तिथल्या घराला माल मिळतो. दोन फाशांची बेरीज ६ किंवा ८ येण्याची शक्यता ३६ पैकी प्रत्येकी ५, तर २ किंवा १२ येण्याची ३६ पैकी फक्त १. नवख्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याला १२ हा आकडा भारदस्त वाटतो, तिथे तो घर बांधतो, आणि मग तासभर इतरांच्या हातात विटा-लाकडं जाताना बघत राहतो. आकड्यांखाली ठिपके छापलेत ते याचसाठी: जितके ठिपके जास्त, तितका तो आकडा जास्त वेळा येणार. शिवाय नियमपुस्तिकेत पहिल्या डावासाठी आखून दिलेली मांडणी आहे, कुणाची घरं कुठे हेसुद्धा ठरवून दिलेलं. जवळजवळ सगळे ती टाळतात, 'ते लहान मुलांसाठी असेल' म्हणून. टाळू नका. चौघं बसा, ती मांडणी घ्या, आणि हातात सातपेक्षा जास्त पत्ते असताना फाशांवर ७ पडले तर निम्मे टाकावे लागतात हे सासूबाईंना आधीच सांगा. साठवून ठेवण्यात आयुष्य गेलेल्या पिढीला तो नियम भर बाजारात खिसा कापल्यासारखा लागतो.

क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने हा खेळ १९९५ साली आणला. तेव्हा तो दातांच्या कवळ्या-बिवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. त्याची खरी करामत मला षटकोनी नकाशात दिसत नाही. ती आहे या एका नियमात: फासे कोणीही टाको, त्या आकड्यावर तुमचं घर असेल तर माल तुम्हालाही मिळतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही तुमची नजर फाशांवरच असते. वर त्याला मेंढ्या हव्यात, तुमच्याकडे आहेत, म्हणून तो तुमच्याशी घासाघीस करायला येतो. रिकामं कोणी बसत नाही. म्हणून १२ वर घर बांधून बसलेल्याचे हाल जास्त दिसतात. खेळ ज्याला सतत सामावून घेणार होता, नेमका तोच बाहेर फेकला जातो.

कुठलाही घरगुती खेळ जोखायची माझी एकमेव कसोटी यातूनच आलेली आहे. ज्याची पाळी चालू आहे त्याच्याकडे बघू नका, त्याला मजा येतच असते. ज्याची पाळी नाही आणि जो मागे पडलाय, तो काय करतोय ते बघा. तो मोबाइल काढतोय, चहा टाकायला उठतोय, की पटावर वाकून 'अरे, ते नको, ते नको' म्हणतोय?

या कसोटीवर आपला लाडका 'व्यापार' सपशेल नापास होतो. ज्याचं दिवाळं निघालं तो बाहेर, आणि उरलेल्यांचा डाव अजून तासभर चालू. त्याचं मूळ 'मोनॉपोली'त, आणि मोनॉपोलीचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. जमीनदारीने एकाची तुंबडी कशी भरते आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे दाखवण्यासाठी बाईंनी तो रचला होता. तेव्हा शेवटी सगळे रडकुंडीला येतात ते रचनेबरहुकूमच. तरी व्यापार खेळायचाच असेल, तर मोनॉपोलीचा एक मूळ नियम पाळून बघा: कोणी जागेवर आला आणि त्याने ती घेतली नाही, तर तिथल्या तिथे लिलाव. सगळे बोली लावू शकतात, जागा भराभर खपतात, डाव आटोपशीर होतो. दंडाचे पैसे पटाच्या मध्यावर साठवून कुणाला तरी बक्षीस द्यायचा जो घरगुती नियम आहे तो मात्र बंद करा. त्याने फक्त दिवाळखोरी लांबते.

उलट आपले पत्ते बघा. बदाम सातमध्ये पाळी दोन सेकंदांची. गुलामचोरात तर जे सुटले ते उठून जात नाहीत, कारण शेवटी चोर कोण होणार याचीच खरी गंमत असते. तुमच्या सासू-सासऱ्यांनी झब्बू आणि नॉट ॲट होममध्ये उभी हयात काढली असणार. ही माणसं 'खेळ न येणारी' नाहीत. त्यांना वीस पानी नियम ऐकून घ्यायचा कंटाळा येतो, आणि तो रास्त आहे.

आता परीक्षणं. ती खोटी नसतात, पण लिहिणारा कोण हे बघावं लागतं. 'बोर्डगेमगीक' या संकेतस्थळावर जगभरातले शौकीन गुण देतात आणि क्रमवारी लागते. तिथे अगदी वर 'ब्रास: बर्मिंगहॅम'सारखे खेळ दिसतील. उत्तम खेळ, मला अतिशय प्रिय, आणि तुमच्या घरासाठी पूर्ण निरुपयोगी. गुण देणाऱ्याला तीन तास डोकं चालवायला आवडतं म्हणून तर तो तिथे आलेला असतो. त्या संकेतस्थळावर क्रमांकापेक्षा 'वजन', म्हणजे खेळ किती डोकेफोडीचा आहे, ते बघा. प्रत्येक खेळाला १ ते ५ मध्ये ते दिलेलं असतं. कॅटान सव्वादोनच्या थोडा वर आहे. तुम्ही दोनच्या खाली राहा.

दुसरी खूण जर्मनीची. तिथे १९७९ पासून 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातला उत्तम खेळ असा पुरस्कार दिला जातो आणि जिंकलेल्या खेळाच्या डब्यावर लाल सोंगटीचं चिन्ह लागतं. निळी सोंगटी लहान मुलांच्या खेळांसाठी, काळपट करड्या रंगाची सरावलेल्यांसाठी. लाल म्हणजे कुटुंबासाठी. कॅटानलाही १९९५ ची लाल सोंगटी मिळाली होती, त्यामुळे एवढ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, पण चाळणी म्हणून चांगली.

आणि हौशी परीक्षण वाचताना मी काय शोधते? किती जण बसले होते, त्यांची वयं काय, नियम सांगायला किती वेळ गेला, आणि डाव संपल्यावर पुन्हा कोणी मागितला का. 'घटक सुंदर आहेत, खूप मजा आली' एवढंच असेल तर ते डबा उघडल्याचं वर्णन समजायचं.

तुमच्या घरासाठी मी पहिल्यांदा 'जस्ट वन' सुचवेन, आणि तो विकत न आणताही खेळता येतो. २०१९ ची लाल सोंगटी यालाच मिळाली. एकजण ओळखणारा. त्याला न दिसेल असा एक शब्द बाकीच्यांना दिसतो, आणि प्रत्येकजण गुपचूप एका शब्दाचा इशारा लिहितो. मग ओळखणारा डोळे मिटतो, इशारे ताडून बघतात, आणि ज्या दोघांचे इशारे सारखे निघाले त्यांचे दोन्ही बाद. उरलेल्यांवरून त्याने ओळखायचं. शब्द समजा 'पुणे' आहे. 'पाट्या' लिहावं असं सगळ्यांनाच वाटणार, म्हणून कोणीच लिहिणार नाही, किंवा तिघं लिहितील आणि तिन्ही उडतील. सासरेबुवा 'पानशेत' लिहितील, मुलगी 'मावशी' लिहील, कारण मावशी तिथे राहते. डब्यातले शब्द इंग्रजी असतात, तेव्हा चिठ्ठ्या करा आणि मराठी शब्द लिहा. तीन ते सात जण, वीस मिनिटं, आणि रिकामं बसायला जागाच नाही. ओळखणारा डोळे मिटून बसलेला असतो तेव्हाच बाकीच्यांची खसखस चालू असते.

'कोडनेम्स'चंही तेच. व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा खेळ, २०१६ चा विजेता. पंचवीस शब्द मांडायचे; एका गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कोणाचेच नाहीत, आणि एक शब्द असा की त्याला हात लावला की डाव तिथेच हरलात. कुठला शब्द कोणाचा हे ठाऊक असलेला प्रत्येक गटातला एकजण इशारा देतो: एक शब्द, आणि तो आपल्या किती शब्दांना लागू आहे तो आकडा. मराठीत चिठ्ठ्या करताना पान, हार, माळ, वारी, कर, काळ असे अनेक अर्थांचे शब्द मुद्दाम घाला, खेळ दुपटीने रंगतो. फक्त इशारा देणारा फार विचार करत बसला तर समोरचा गट जांभया देतो. वाळूचं घड्याळ त्यासाठीच असतं, ते वापरा.

'दिक्षित' या खेळावर मात्र मला थोडं जास्त बोलायचंय. नाव ऐकून आपल्याकडे सगळे एकदा हसतात; उच्चार 'डिक्सिट' असा आहे. झ्याँ-लुई रुबिरा यांनी तो २००८ मध्ये आणला, २०१० मध्ये लाल सोंगटी. चौऱ्याऐंशी चित्रं, स्वप्नात पडतील तशी. एकजण हातातलं एक चित्र मनात धरून काहीतरी बोलतो: शब्द, ओळ, गाण्याचा तुकडा, नुसता हुंकारही चालतो. बाकीचे आपापल्या हातातून त्या बोलण्याला जुळेल असं चित्र उलटं ठेवतात, सगळी चित्रं मिसळतात, आणि मूळ चित्र कुठलं ते ओळखायचं. गंमत गुणांत आहे. सगळ्यांनी ओळखलं तर बोलणाऱ्याला शून्य, कोणीच ओळखलं नाही तरी शून्य. काहींना कळावं आणि काहींना नाही, असं बोलायचं! चार माणसांत बसून आडून बोलण्याची कला जिला अवगत आहे अशी प्रत्येक सासू इथे चॅम्पियन. आमच्या बैठकीत एका आजींनी ढगात टांगलेल्या पिंजऱ्याच्या चित्रावर नुसतं 'माझं पहिलं वर्ष' असं म्हटलं. त्यांच्या वयाच्या दोन बायकांनी झटक्यात ओळखलं, आम्ही बाकीचे घड्याळाच्या चित्राकडे बोट दाखवत बसलो. आजींना पूर्ण तीन गुण. भाषेची अडचण नाही, वाचायचं काही नाही. एकच पथ्य: लहान मुलीच्या बोलण्याला मोठ्यांनी सुधारायला जायचं नाही.

पटावरचा, डावपेचांचा खेळ हवाच असेल तर 'टिकट टू राइड' (२००४, अ‍ॅलन मून). दोन ते पाच जण, म्हणजे तुमची पाचही माणसं मावतात. रंगीत पत्ते जमवायचे आणि दोन शहरांमध्ये आपले रेल्वेचे डबे मांडायचे. पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करता येते, म्हणून पाळी झटपट सरते, आणि मधल्या वेळात 'माझ्या मार्गात कोणी घुसू नये' ही धाकधूक असते. याचा हिंदुस्थानचा नकाशाही निघालेला आहे, पण तो एकटा घेऊन उपयोग नाही. डबे आणि पत्ते मूळ खेळातले लागतात, आणि तो चौघांपुरताच आहे. 'किंगडोमिनो' पंधरा मिनिटांचा आणि सुरेख, पण चौघांचा, तेव्हा पाचव्याला कांदेपोहे करायला पाठवावं लागेल. 'अझुल'च्या फरशा हातात घेऊन खुळखुळवायला फार छान वाटतात. बाकी तो दिसतो त्यापेक्षा खुनशी आहे.

व्हिडिओ गेमकडे येऊ. इथे 'पाळी नसलेला' म्हणजे ज्याच्या हातात कंट्रोलर नाही तो. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक खेळ त्याला प्रेक्षक करून सोडतात. चार-दोन माणसांनी घरच्या घरी बनवलेल्या विक्षिप्त खेळांत मात्र सोफ्यावरच्या माणसालाही मत असतं.

सगळ्यात आधी 'अनटायटल्ड गूज गेम'. मेलबर्नच्या 'हाउस हाउस' या छोट्या चमूचा, २०१९ चा. तुम्ही एक बदक आहात. खरं तर हंसाच्या जातीचा मोठा पक्षी, पण बदक म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं. एका टुमदार इंग्रजी खेड्यात जायचं आणि लोकांना छळायचं. माळ्याच्या किल्ल्या पळवा, त्याचं दाताळं तळ्यात टाका, बुटाची नाडी सोडून पोराला पाडा. कोणी मरत नाही, वेळेची मर्यादा नाही, आणि एक बटण फक्त 'हाँक' असं ओरडण्यासाठी राखलेलं आहे. मागे देब्युसी या फ्रेंच संगीतकाराचा पियानो वाजतो, तोही तुमच्या चाळ्यांप्रमाणे थबकतो आणि धावतो. २०२० पासून दोन बदकं घेऊन खेळता येतं: एक 'हाँक' करून माळ्याला झुलवतं, दुसरं किल्ल्या लांबवतं. सोफ्यावरून 'मागून जा, मागून!' असा पुकारा सुरू झाला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. सासऱ्यांना माळ्याची दया येईल, तेही चालतं.

'अनपॅकिंग' हा दुसरा, ब्रिस्बेनच्या 'विच बीम'चा, २०२१ चा. खोकी उघडायची आणि नव्या घरात सामान लावायचं, एवढंच. घरं बदलतात, १९९७ मधली मुलीची खोली ते २०१८. माणूस एकही दिसत नाही, पण सामानावरून तिचं आयुष्य कळत जातं. एका घरात, प्रियकराच्या फ्लॅटमध्ये, तिची पदवी लावायला भिंतीवर जागाच मिळत नाही. ती पलंगाखाली सरकवावी लागते. तिथे आमच्या बैठकीतल्या बायका गप्प झाल्या होत्या आणि एकीने त्या मुलाला अस्सल मराठी शिवी घातली. हा एकट्याने खेळायचा खेळ आहे, पण तवा कुठे ठेवायचा यावर घरातल्या प्रत्येकाचं मत असतंच. चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूला लाल कड येते. वाद नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन काहीही कुठेही चालेल असं करता येतं.

'वेन्बा' (२०२३) टोरांटोच्या 'विसाई गेम्स'चा. १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, पुढे त्यांचा मुलगा कविन, आणि त्या बाईच्या आईच्या जुन्या पाककृतीच्या वहीतली फाटलेली, पुसट पानं. पहिलंच कोडं इडलीपात्राचं: ताटल्या एकावर एक नीट कशा बसवायच्या. हे तुमच्या सासूबाई सांगतील आणि मुलगी बटणं दाबेल. दीड-दोन तासांत संपतो. मुलगा घरच्या भाषेपासून लांब जातो तो भाग ज्यांची नातवंडं परदेशात आहेत त्यांना जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते. खेळात वाचायला इंग्रजी बरंच आहे, कोणीतरी मोठ्याने मराठीत सांगत जायला हवं.

'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' (२०१५) हा निम्मा व्हिडिओ गेम, निम्मा कागदावरचा. पडद्यावर बॉम्ब, तो एकालाच दिसतो; निकामी कसा करायचा ते तेवीस पानी पुस्तिकेत, ती बाकीच्यांच्या हातात. पुस्तिका फुकट उतरवून छापता येते. 'तीन वायरी आहेत, लाल एकही नाही.' 'मग दुसरी काप!' ज्यांनी सरकारी परिपत्रकं वाचण्यात नोकरी काढली त्यांना यात विलक्षण गती असते. एका प्रकारात दिवा तारेच्या मोर्स लिपीच्या लयीत लुकलुकतो. आमच्याकडे तार खात्यातून निवृत्त झालेले एक काका येतात, त्यांना वाटलं हे आपल्या हातचं. पण त्यांचा कान तयार होता, डोळा नव्हे. शेवटी बैठकीतली एक मुलगी लुकलुकणं बघून 'डा-डिट-डिट' असं तोंडाने म्हणायला लागली तेव्हा त्यांनी अक्षरं फटाफट सांगितली.

'ओव्हरकुक्ड'बद्दल सगळे विचारतात. चौघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं, ते कधी दोन धावत्या ट्रकांवर दुभंगतं. तरुण मंडळींत धमाल. सत्तरीच्या माणसाला तो वेग झेपत नाही आणि 'भांडी घास, भांडी!' असं नातीने ओरडलेलं आवडतही नाही. 'ऑल यू कॅन ईट' आवृत्तीत वेग सुसह्य करणारी सोय आहे, तरी मी तुम्हाला सुचवणार नाही. पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) देखणा आहे, दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, पण तो लढाईचा आणि एकट्याचा. मुलगी जरा मोठी झाली की बघा.

शेवटचं नाव दोन्हीकडचं आहे. 'डोर्फरोमान्टिक' हा बर्लिनमधल्या चार विद्यार्थ्यांनी बनवलेला संगणकावरचा खेळ: षटकोनी फरशा जोडत जायच्या, जंगलाला जंगल, रुळाला रूळ, आणि बघता बघता एक प्रदेश उभा राहतो. त्याचा पुठ्ठ्यातला अवतार निघाला आणि त्याने २०२३ ची लाल सोंगटी पटकावली. एक ते सहा जण, सगळे एकाच बाजूने, कोणी कोणाला हरवत नाही. डावागणिक डब्यातली बंद खोकी उघडत जातात, म्हणून सुट्टीभर पुरतो. सहकाराच्या खेळांत एक रोग असतो: घरातला हुशार माणूस सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळतो, आणि बाकीचे पुन्हा बसून राहतात. तेव्हा फरशी ज्याच्या हातात, निर्णय त्याचा, आणि त्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवा. तुमच्या घरात हे नवऱ्याला सांगावं लागेल की सासऱ्यांना, ते तुम्हालाच ठाऊक.